आठ पावलं

फादर बस्त्याव तुस्कानो यांचं हस्तलिखित परत आलं त्या दिवशी माझ्या दुकानात जातीच्या दाखल्यांच्या अर्जांची गर्दी होती. मंगरूळपीरला तहसीलजवळ माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. फादर आसेगावकडच्या एसटीनं आले आणि काठीवर भार देऊन रांगेत उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "फादर, आत येऊन बसा ना." तर म्हणाले, "यांचे अर्ज आधी होऊ द्या, साधनाबाई. माझ्या कामाला तारीख नाही."

गर्दी सरल्यावर त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला. तो मीच टाइप केलेला होता. वर्षभर दर गुरुवारी ते चार-पाच पानं आणायचे आणि मी टाइप करायची. ख्रिस्ती माणसानं रोजचं जगणं कसं जगावं यावर त्यांनी चाळीस वर्षांत लिहिलेली मननं होती ती. पुस्तकाला नाव दिलं होतं 'उभ्या उभ्या केलेली मननं', कारण त्यांचे गुडघे कधीचेच गेलेले आणि त्यांना प्रार्थना उभ्यानंच करावी लागायची.

फादर मूळचे वसईचे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या धर्मगुरूंच्या संघानं त्यांना आसेगावच्या पुढे असलेल्या मिशनच्या छोट्या दवाखान्यावर पाठवलं आणि ते इथलेच झाले. मी ख्रिस्ती नाही, आम्ही बौद्ध. त्यामुळे टाइप करता करता आमचे वाद व्हायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "फादर, हा 'सेवा' शब्द मले पटत नाही. सेवा करणारा वर बसते अन् घेणारा खाली." त्यांनी तो शब्द त्या पानावरून सात ठिकाणी खोडला होता.

आता त्या गठ्ठ्यात एकच प्रकरण सबंध लाल पेन्सिलीनं खोडलं होतं. पुस्तक छापायच्या आधी संघाच्या वरिष्ठांची परवानगी लागते. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "हे मनन वगळल्यास प्रकाशनास हरकत नाही."

प्रकरणाचं नाव होतं 'आठ पावलं'. मला ते जवळजवळ पाठ होतं.

"गावाबाहेर पुंजाजी नावाचा माणूस राहत असे. महारोग झाला म्हणून घरच्यांनी त्याला शेतातल्या खोपटात ठेवलं होतं. दर मंगळवारी मी त्याच्या गोळ्या घेऊन जात असे. खोपटापासून आठ पावलांवर एक दगड होता. गोळ्या मी त्या दगडावर ठेवत असे आणि तिथूनच सांगत असे, पुंजाजी, देवाचं तुझ्यावर प्रेम आहे. औषध सुरू झाल्यावर हा रोग लागत नाही, हे मी वाचलं होतं. ख्रिस्तानं महारोग्याला हात लावला, हेही वाचलं होतं. दोन्ही वाचून मी आठ पावलांवर उभा होतो. एका मंगळवारी आमचा जीपचालक लखीराम खाली उतरला, माझ्या शेजारून पुढे गेला, आत शिरला आणि त्यानं पुंजाजीचे पाय धुतले. पुढची चार वर्षं तो धूत राहिला. या भागात मला भेटलेला पहिला ख्रिस्ती माणूस तो. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. माझा झाला होता."

"हे काढायचं?" मी विचारलं.

"त्यांचं म्हणणं तसं आहे."

"अन् तुमचं?"

 फादरनी चहा मागवला आणि दोन्ही हातांनी कप धरून प्यायला.

पुढच्या आठवड्यात संघाकडून फादर जेरोम स्वतः आले. ते पंचेचाळिशीचे, शिकलेले, बोलायला मऊ. चिठ्ठी त्यांचीच होती. मी दुरुस्तीची पानं घेऊन मिशनवर गेले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. मी उठायला लागले तर फादर तुस्कानो म्हणाले, "बसा. तुम्ही वाचलंय ते."

फादर जेरोम म्हणाले, "तुमच्या मनाचा मोठेपणा मला कळतो. पण लोक काय वाचणार? धर्मगुरू आठ पावलं लांब उभा राहिला."

"राहिला होता. वाचू देत."

"आणि बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला तुम्ही पहिला ख्रिस्ती म्हणता. मग आपण बाप्तिस्मा देतो कशाला?"

"हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडलाय. तुम्हाला आज पडला, बरं झालं."

फादर जेरोम हसले नाहीत. "त्याला तुम्ही कधी विचारलं होतं?"

"तीनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, फादर, माह्यं नाव बदलून तुमी काय कराल? पाय तर तेच धुवाचे हायेत. त्यानंतर मी विचारलं नाही."

 फादर जेरोम हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, फादर."

फादर तुस्कानो काठी टेकत उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"घेतलंय आणि पाळीन. मला पाठवाल तिथं जाईन. उद्या म्हणालात तर उद्या. पण घडलेलं घडलं नाही असं म्हणायचं व्रत मी घेतलेलं नाही. ते प्रकरण राहील. तुमची परवानगी नसेल तर पुस्तकावर संघाचं नाव नको, क्रूस नको, माझ्या नावामागे फादरही नको. बस्त्याव तुस्कानो एवढं पुरे. आईबापांनी दिलेलं आहे ते."

"मग छापणार कोण?"

मी म्हटलं, "मी."

तोंडातून निघून गेलं. पण निघून गेल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

घरी रवी, माझा नवरा, डोक्याला हात लावून बसला. "पाद्र्याचं पुस्तक, त्याइचेच लोक नाही म्हणतात, अन् तू प्रकाशक? काहून पडून राह्यली या भानगडीत? उद्या काही झालं तर दुकान तुह्यं बंद होईन, त्याइचं नाही."

मी त्याला म्हटलं, "माह्या आज्याले छप्पन सालाआधी पाणी कसं भेटे, तुले माहीत हाय? विहिरीवरची बाई वरून ओते, हा खाली ओंजळ धरे. किती पावलं लांब उभं राहाचं, ते ठरेल होतं. इतक्या वर्षांत लांब उभ्या राहणाऱ्यापैकी एकानं तरी लिहून देलं का, मी उभा होतो म्हणून? यानं देलं. ते मी छापीन."

 दुसऱ्या दिवशी वाशीमच्या छापखान्यात रवीच माझ्यासोबत आला.

तीनशे प्रती छापल्या. साधं बदामी कव्हर आणि आत प्रकाशक म्हणून 'साधना इंगोले, मंगरूळपीर'. फादरनी पहिली प्रत डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता आपण दोघंही परवानगीशिवाय."

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच, त्यांनी प्रती नेल्या. काही शाळामास्तरांनी नेल्या. मग कोणीतरी त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या लखीरामले मेल्यावर ख्रिश्चन केलं.'

लखीराम जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याचा पुतण्या दौलतसिंग तांड्यातला पुढारी माणूस. त्यानं मला फोन केला. "बाई, तुमचं नाव हाय पुस्तकावर. शनिवारी सकाळी मिशनवर या. आमी येऊन राह्यलो. ते पान सगळ्याइच्या समोर फाडाचं, अन् पाद्र्यानं माफी मागाची."

मी फादरना सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, तुम्ही येऊ नका. ते म्हणाले, "लवकर या. खुर्च्या मांडाव्या लागतील."

शनिवारी मी पोचले तेव्हा फादर पांढरा झगा घालून दवाखान्याच्या ओट्यावर उभे होते. शेजारी टेबलावर पुस्तकाच्या दहा प्रती. मी म्हटलं, "या आत ठेवू का?" ते म्हणाले, "चोरून छापल्यात का?"

साडेदहाच्या सुमाराला पंधरा-वीस मोटारसायकली आल्या आणि मागून दौलतसिंगची चारचाकी. तो उतरला आणि त्यानं मागचं दार उघडून एका म्हातारीला हात देऊन उतरवलं. लखीरामची बायको, अंजनाबाई. सत्तरीच्या पुढची, हातात अजून जुन्या पद्धतीच्या बांगड्या. साक्षीदार म्हणून त्यानं तिला आणलं होतं.

"फादर," दौलतसिंग म्हणाला, "तुमची अन् आमची दुश्मनी नाई. तुमच्या दवाखान्यात आमच्या बाया बाळंत झाल्या. पण हे काय करून ठेवलं? माहा काका ख्रिश्चन नव्हता. मेलेला माणूस काही बोलू शकत नाई, म्हून त्याले कोनीबी ओढून न्याचं का? उद्या कोनी हेच पान दाखोन म्हणन, हे तर ख्रिश्चन झालेले लोक, याइले दाखला कायले? तवा तुमी येसान का तहसीलात?"

खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला पटलं. मी रोज ते दाखले टाइप करते. एका कागदावरच्या एका शब्दानं माणसाची किती फरफट होते, ते मी पाहते.

फादर म्हणाले, "येईन. तहसीलात येईन, कोर्टात येईन. लखीरामचा बाप्तिस्मा झाला नव्हता हे मी शपथेवर सांगीन. पुस्तकातही तेच लिहिलंय."

"मंग ख्रिस्ती काहून म्हनता?"

"कारण मी ज्याच्या नावानं इथं आलो, त्याचं काम मी करत नव्हतो आणि तो करत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पान फाडणार नाही, दौलतसिंग. माझ्या माणसांनी सांगितलं तेव्हाही काढलं नाही."

"फाडा म्हणलं ना!" मागून एक जण ओरडला आणि टेबलाकडे आला. मी प्रतींवर दोन्ही हात ठेवले. हात मी हलवले नाहीत. "याच्यावर माह्यं नाव हाय," मी म्हटलं. "फाडाचं असन तर आधी तुमचं नाव सांगा, तेबी लिहून घेतो." तो थबकला. दौलतसिंगनं त्याला मागे ओढलं.

तेवढ्यात अंजनाबाई म्हणाली, "काय लिवलं ते मले कोनी वाचून दाखोते का? का नुसतंच भांडान?"

 तिला ते कोणीच वाचून दाखवलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. तिच्या नवऱ्याबद्दलचं प्रकरण वर्षभर माझ्या दुकानात पडून होतं, आणि तांडा तिथून एका एसटीच्या अंतरावर. मला लाज वाटली.

फादरनी तिला खुर्ची दिली. मी वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत सगळं वाचलं. मोटारसायकलींवर बसलेली माणसंही खाली उतरून जवळ आली. लखीराम खोपटात शिरला, तिथं आल्यावर अंजनाबाईनं हात वर केला.

"हे चूक हाय," ती म्हणाली.

दौलतसिंग फादरकडे पाहू लागला. "पाह्यलं?"

"तू थांब रे," ती म्हणाली. मग फादरना, "तुमी असं लिवलं का तो उतरला अन् गेला. देव असल्यावानी. असा नाई गेला तो. पह्यल्या दिवशी घरी आला अन् गोठ्यामागं जाऊन ओकला. धोतर जाळलं त्यानं. म्या त्याले घरात घेतलं नाई. महिनाभर आंगनात झोपोलं. त्याची थाली येगळी केली. म्या म्हणलं, पुन्हा गेला तं मी पोरीले घेऊन मायेरी जातो. तो रडला. म्हणे, नाई जात आता."

"मग?" फादरनी विचारलं. 

"मंग दुसऱ्या मंगळवारी पुन्हा गेला. संध्याकाळी म्या भांडली. म्हणलं, तू बोलला होता ना, नाई जात म्हून? तवा त्यानं सांगतलं. म्हणे, गोळ्या ठुवून फादर जीपमंदी येऊन बसते, अन् तोंड तिकडं करून रडते. त्याले वाटते मले दिसत नाई, पन जीपले आरसा हाय. दर मंगळवारी पाहतो मी. म्हणे, अंजना, पुंजाजीचं काय व्हाचं ते होवो, पन हा मानूस असा मरून जाईन. म्हून गेला तो. तुमच्यासाठी गेला. पुंजाजीसाठी मांगून जाऊ लागला."

फादर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.  मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहवलंच नाही.

"हे मला माहीत नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"कसं माहीत राहीन? तुमी मले कधी इचारलं?" अंजनाबाई म्हणाली. "त्याले तीनदा इचारलं म्हणता, धरम बदलतो का म्हून. मले एकदाबी नाई इचारलं, का बाई, तुह्या नवऱ्याचं कसं चाललं."

फादरनी मान खाली घातली. "नाही विचारलं."

"अन् अजून एक. मरेपावतर रोज संध्याकाळी तो तांड्यातल्या सेवालाल महाराजाच्या झेंड्यापाशी दिवा लावे. तुमचं काम करून आला तरी लावे. तुमी पाह्यलं हाय. ते काहून नाई लिवलं?"

"पाहिलंय," फादर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "सोडून दिलं. माझ्या लिखाणात ते बसत नव्हतं."

"बसोवा," ती म्हणाली.

वरिष्ठांपुढे जे एक अक्षर बदलायला तयार नव्हते आणि वीस मोटारसायकलींपुढे ज्यांनी मान वाकवली नाही, त्या माणसानं टेबलावरची प्रत ओढली आणि माझ्याकडे पेन मागितलं. ओट्यावर उभ्या उभ्या त्यांनी समासात लिहिलं. गोठ्यामागचं ओकणं, जाळलेलं धोतर, वेगळी थाळी, आरसा, दिवा. प्रत्येक ओळ लिहून झाली की अंजनाबाईला वाचून दाखवत आणि ती मान हलवी. एका जागी म्हणाली, "आंगनात झोपोलं ते माह्या नावानं लिवा. तो आपल्या मनानं नाई झोपला, म्या झोपोलं." त्यांनी तसं लिहिलं.

दौलतसिंगचा संयम सुटला. "अन् ते ख्रिस्ती? ते खोडलं का?"

"ते राहील," फादर म्हणाले. "आणि त्याच्या पुढच्याच ओळीत दिवा राहील."

"दोन्ही कसं राहीन? एक काहीतरी ठेवा!"

"दोन्ही होतं. मी पाहिलंय, तुझ्या काकीनं पाहिलंय. तुला एक हवंय, माझ्या माणसांना दुसरं हवंय. तुमच्या सोयीसाठी मी त्या माणसाला अर्धा कापणार नाही."

दौलतसिंग काकीकडे वळला. "काकी, तू सांग त्याइले. सांग का आपल्याले हे मंजूर नाई म्हून."

अंजनाबाई खुर्चीवरून उठली. "मले मंजूर हाय," ती म्हणाली. "त्याचा संसार म्या केला. त्याचं काय लिवाचं अन् काय नाई, ते तू सांगशीन का हे सांगतीन? चाल, मले घरी सोड. नाई तं मी पायी जातो."

तो तिला घेऊन गेला. पान फाटलं नाही आणि माफीही मागितली गेली नाही.

पण एवढ्यावर मिटलं नाही. सोमवारी त्यानं पोलिसांत तक्रार दिलीच आणि प्रकाशक म्हणून मला जबाबाला बोलावणं आलं. रवी सोबत होता. तीन वेळा जावं लागलं. चौथ्या वेळी अंजनाबाईला बोलावलं. तिनं अंगठा लावून सांगितलं की लिहिलं ते खरं आहे, धर्म बदलल्याचं कुठं लिहिलेलं नाही आणि तिची काही तक्रार नाही. त्यानंतर बोलावणं आलं नाही. माझी काही गिऱ्हाइकं तुटली, ती परत आली नाहीत.

मार्चमध्ये फादरची बदली आली. वृद्ध धर्मगुरूंसाठी दूरच्या शहरात एक घर आहे, तिकडे. यापुढे काही प्रकाशित करू नये, असंही पत्रात होतं. न्यायला फादर जेरोमच आले. फादर तुस्कानोंनी एक ट्रंक भरून ठेवली होती. "पाठवाल तिथं जाईन म्हणालो होतो," ते म्हणाले आणि गाडीत बसले. मी विचारलं, "आणि प्रकाशित करू नये, त्याचं काय?"

फादर जेरोमसमोरच ते म्हणाले, "मी करणार नाही. प्रकाशक तुम्ही आहात. तुम्हाला कोणी पत्र पाठवलंय का?"

फादर जेरोमनी खिडकीबाहेर पाहिलं.  आणि ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं, म्हणजे दवाखान्याच्या बायांना फादरच्या पाया पडता येईल.

दुसरी आवृत्ती मी मे महिन्यात काढली. समासात लिहिलेलं सगळं आत घेतलं. पहिल्या पानावर एक ओळ वाढवली, 'हे प्रकरण अंजनाबाई लखीराम राठोड यांनी दुरुस्त केले आहे.' त्यासाठी मी कोणाला विचारलं नाही.

प्रत घेऊन मी तांड्यावर गेले. दुपारची वेळ होती. अंजनाबाई दारात बाजेवर बसली होती. तिचं घर आणि दौलतसिंगचं घर यांच्यात एकच भिंत आहे, तीही पुरुषभर उंचीची. पलीकडे त्याची चारचाकी उभी होती, म्हणजे तो घरीच होता.

मी ती पहिली ओळ तिला दाखवली. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं. "हे माह्यं नाव होय?"

"होय, आजी."

"वाच."

मी वाचायला सुरुवात केली.

"अशी काहून वाचून राह्यली हळूहळू?" ती म्हणाली. तिनं पदर सावरला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "उभी राय अन् मोठ्यानं वाच. तिकडं आयकू गेलं पाह्यजे."

मी उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.